तीनची नोंद

मे महिन्यात सावद्यात स्वेटर घालून फिरणारा
मी एकटाच.
बाहेर रात्रीसुद्धा भिंती भाजतात.
आत चार चेंबर, केळीचे क्रेट छताला टेकलेले,
आज सोळा, उद्या पंधरा, परवा चौदा.
माझं काम एवढंच,
दर तासाला दारावरचा आकडा वहीत उतरवायचा
आणि केळ्यांना कळू द्यायचं नाही
की आपल्याला घाईनं पिकवताहेत.

कानात मंदाकिनी झोपे.
(आडनाव बघून हसलो होतो आधी.
रात्रपाळीच्या माणसाला वाचून दाखवायला
बाई मिळाली तीही झोपे.)
फैजपूरकडची असावी. कुणी सांगितलं नाही,
पण तासन्‌तास स्वच्छ "पाणी" म्हणणारी ही बाई
कादंबरीतली म्हातारी मोलकरीण आली
की "पानी" म्हणते,
आणि त्या एका अक्षरात मोलकरणीला
गाव मिळतं, मेलेला नवरा मिळतो,
टाचांच्या भेगा मिळतात.

कादंबरी कोकणातली. होड्या, माशाचं कालवण.
समुद्र मी बघितलेला नाही,
हतनूरला तापी फुगलेली बघितलीय.
तिनेही बघितला नसावा,
कारण लाटा ती धरणाचे दरवाजे उघडल्यासारख्या वाचते,
आधी लांबून, मग एकदम पायाशी.
आणि कालवण वाचताना डोळ्यासमोर नक्की
भरताचं वांगं होतं.
जीभ सांगते.

भांडणात आवाज चढवत नाही,
खाली आणते.
पंख्यांच्या घरघरीत मी इअरफोन दाबून धरतो
आणि त्या घराच्या भिंतीला कान लावलेला
शेजारी होतो.
एके ठिकाणी आवंढा गिळलेला कापायचा राहिलाय.
एके ठिकाणी लांबवर कुल्फीवाल्याची घंटी.
बरं वाटतं.
गाद्या लावलेल्या कुठल्यातरी खोलीत, पंखा बंद करून
घामाघूम होऊन कुणी वाचलंय,
आणि मी ते इथे कुडकुडत ऐकतोय.

त्या रात्री तो माणूस अकरा वर्षांनी परत आला.
कडी वाजवली.
मग ती थांबली.

चार सेकंद असतील.
मागे कंप्रेसर बंद पडला होता तेव्हा
अशी शांतता ऐकू आली होती, दचकून.
वाटलं मोबाईल मेला.
खिशातून काढेपर्यंत आतून त्याची बायको म्हणाली,
"कोण."

विचारलं नाही. म्हणाली.
दाराबाहेर कोण आहे ते
अकरा वर्षं रोज संध्याकाळी माहीत असलेल्या बाईसारखं.

रविवारी जळगावला जाऊन पुस्तक घेतलं. साडेतीनशे रुपये.
दुकानात उभ्या उभ्या पान शोधलं.
त्याने कडी वाजवली. पूर्णविराम.
लगेच पुढे, त्याच ओळीत,
"कोण?"
चांगलं ठसठशीत प्रश्नचिन्ह.
थांबणं कुठेच छापलेलं नव्हतं.
मोलकरीणसुद्धा "पाणी"च म्हणत होती.
दुकानदार म्हणाला, काही चुकलंय का पानात?
म्हटलं, नाही. बरोबर आहे.

हल्ली सकाळी घरी पोचलो की
कडी वाजवून थांबतो, मोजतो. एक, दोन.
प्रमिला कोण म्हणतच नाही,
सरळ दार उघडते.
गाडीचा आवाज वळणापासून ओळखते, म्हणे,
तिसऱ्या गिअरला खोकतो तो.

वहीत मात्र त्या रात्रीची तीनची नोंद नाही.
फालक शेठनी बोट ठेवलं.
दोनला सोळा, चारला सोळा,
मधे काय झालं?
काय सांगणार. केळी तर नीट पिकली,
दिल्लीला गेलीसुद्धा.
सोळा लिहून टाक, म्हणाले.

पेन उघडून बसलो होतो.
चौकोन अजून कोराच आहे.